खोट बेअरिंगमध्ये नव्हती

मी एक लंबक बोलतोय. घड्याळातला साधासुधा नव्हे हं! माझ्या एका हाताच्या टोकाला दुसरा हात जोडलेला आहे. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, दोन बेअरिंगं आणि पाठीला प्लायवूडची फळी, एवढाच माझा देह.

माझा जन्म एका मागच्या गॅलरीत झाला. चिमीचे बाबा कारखान्यात चाळीस वर्षं लेथ चालवून निवृत्त झालेले. चिमी त्यांची एकुलती एक लेक. वय अठ्ठावीस, तरी घरात चिमीच. ती दूरच्या विद्यापीठात गणितात पीएच.डी. करत होती. विषय काय, तर हलणारी वस्तू पुढे कशी हलेल. बाबांना फोनवरून एवढंच उमगलं होतं. तिने कधीतरी पाठवलेल्या चित्रावरून, ती सुट्टीला यायच्या आत त्यांनी मला घडवलं.

पण मी त्यांच्या मनासारखा वागेन तर शपथ! एकाच जागेवरून दहादा सोडलं, तर दहा तऱ्हांनी फिरलो. बाबांना वाटलं, आपलंच काम चुकलं. त्यांनी बेअरिंगं बदलली, सांधा घासला, फळी भिंतीला आवळली. शेजारच्या काकू कठड्यावरून डोकावल्या. म्हणाल्या, "भाऊ, पोरगी येईपर्यंत तुमचंच डोकं फिरेल बरं का!"

चिमी आली ती उतरल्या तोंडाने. बाबा ओशाळून म्हणाले, "हे काही जमलं नाही गं मला. दरवेळी वेगळाच फिरतो मेला. चार वेळा उघडला."

चिमी बघतच राहिली. मग असं खदखदून हसली की काकू पुन्हा कठड्याशी आल्या.

"अहो बाबा, हा असाच वागतो! सोडताना केसभर फरक पडला, की पुढे त्याचा हातभर होतो. खोट नाही त्यात."

"मग आधी नाही का सांगायचं? दोन बेअरिंगं फुकट घालवली!"

हसता हसता तिचे डोळे भरले. "खोट माझ्यात आहे. चार वर्षांच्या सिद्धतेत भोक निघालंय. मी पीएच.डी. सोडतेय, बाबा. गाईडबाईंना पत्रसुद्धा लिहून ठेवलंय."

समजूत घालणं बाबांना कधी जमलंच नाही. त्यांनी माझ्या फळीवर बोट ठेवलं. तिथे त्यांनी केलेल्या पेन्सिलीच्या दोन बारीक खुणा होत्या. "इथपर्यंत उचलून सोडला, तर शहाण्यासारखा झुलतो. या वरच्या खुणेच्या वर नेला की अंगात येतं. दोन्ही खुणांच्या मधल्या पट्टीचा भरवसा नाही. तुझं भोक कुठे पडलंय?"

चिमीने त्या खुणांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "मधल्या पट्टीत."

"आणि वरच्या भागात?"

"तिथे सिद्धता टिकते. पण मला सगळीकडचं सिद्ध करायचं होतं."

"सगळीकडचं कशाला? टिकतंय तेवढंच कर की!"

पत्र गेलं नाही. पुढे दीड वर्ष लागलं. प्रमेय लहान झालं, पण गाईडबाईंनी ओळ न् ओळ ठोकून पाहिलं, तरी हललं नाही. प्रबंधाच्या जाहीर मुलाखतीला तिने मला टेबलावर उभं केलं. बाबा शेवटच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, एकही शब्द न कळता ताठ बसलेले. पडद्यावर आकृती आली आणि चिमीने काठीने एक रेघ दाखवली, माझ्या फळीवरच्या वरच्या खुणेच्याच जागी. बाबांनी शेजारच्या अनोळखी प्राध्यापकांना कोपर लावलं. "ती रेघ बरोबर आहे. मी तपासलीय."

आता मी चिमीच्या कॉलेजातल्या खोलीत असतो. ती शिकवते. मुलं येता-जाता मला फिरवतात, त्यामुळे सांधे कुरकुरतात. बाबांना जिना चढवत नाही, म्हणून ते फोनवर माझी चौकशी करतात. तुमच्याही घरात कुणी असं न कळणारं काही शिकत असेल, तर उत्तर कळो न कळो, एकदा विचारा हो, कुठे अडलंय म्हणून. आणि मग जरा वेळ तिथेच बसा.