उरलेली ट्यूब

गावातलं मेडिकल माझ्या चुलतसासऱ्यांचं. तिथे डोकेदुखीची गोळी घेतली तरी संध्याकाळपर्यंत सासूबाईंना कळतं. म्हणून आमच्या नंदाखाल गावातल्या बायका 'तिथली' खाज मुकाट सोसतात, नाहीतर एकमेकींच्या उरलेल्या ट्यूबवर भागवतात. मीही तेच केलं.

मोठी जाऊ उन्नती, तिला मी वहिनी म्हणते. केळींना पाणी लावताना माझी चुळबुळ तिने बरोबर हेरली आणि आपली अर्धी ट्यूब माझ्या हातात कोंबली.

"माणिकपूरच्या डॉक्टर जीना मॅडमनी दिलेली. आतून लाव. कोणाला बोलू नकोस."

तिने मायेनेच दिली, हे मला आजही कबूल करावं लागतं.

दोन दिवसांत बरं वाटलं, म्हणून मी ती कपाटात टाकली. त्याच आठवड्यात देवेंद्र, माझा नवरा, जवळ आला. एवढ्यात मूल नको हे आमचं ठरलेलं, त्यामुळे कंडोम होताच. तरी पाळी चुकली.

"कोणाचं?" एवढंच त्याने विचारलं. मग त्याला कपाटात ट्यूब सापडली. चोरून घेतलेलं औषध आणि पोटात मूल, त्याला आणखी काय हवं होतं?

मी त्याला हट्टाने माणिकपूरला नेलं. जीना मॅडमनी ट्यूब उलटसुलट पाहिली.

"या क्रीमने कंडोमचं रबर कमकुवत होतं. चिरलं तरी दिसेलच असं नाही. औषध चालू असताना संबंध नकोत, आणि संपल्यावरही काही दिवस कंडोमवर भिस्त ठेवायची नाही. ही खाज अँटिबायोटिकनेही होते, शुगरनेही. बाहेरून आणलेला रोग नव्हे हा. पण न तपासता तुम्हाला ट्यूब दिली कोणी?"

वहिनीलाही त्यांनी हे सांगितलं असणार. पण तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. कंडोमचं तिला काय पडलंय? ऐकलं आणि सोडून दिलं.

"वहिनीने दिली म्हणतेस ना," देवेंद्र म्हणाला, "तिने सांगू दे. मी मानतो."

आणि त्याने विचारलं ते ओटीवर, सासू-सासरे आणि भावोजी, म्हणजे वहिनीचा नवरा, बसलेले असताना. वहिनी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मला कशाला लागेल असलं औषध? मी नाही दिली."

तिची भीती मला कळत होती. पण म्हणून माझा राग कमी झाला नाही.

देवेंद्रने ट्यूब खिशात टाकली. "उद्या तुला माहेरी सोडतो. हीच तुझ्या बापाला दाखवतो."

सकाळी मी बॅग भरत होते. वहिनी हळूच आत आली, दार लोटलं. माफी मागेल असं मला वाटलं.

"अगं पूर्वी," ती कुजबुजली, "थोडी उरलीय का गं त्यातली? मला परत सुरू झालंय."

"देवेंद्रच्या खिशात आहे, वहिनी. जा, मागून घे."

तो ओटीवरच बसला होता. वहिनी ओटीच्या चौकटीपर्यंत जाऊन मागे फिरली. मग मागच्या दाराने वाडीत निघून गेली.