चौथं कडवं

त्याला सगळे भोंगा म्हणत. अठराव्या वर्षी तो सर्कशीत निवेदक म्हणून लागला. पहिल्याच आठवड्यात खेळ चालू असताना वीज गेली, तेव्हा त्याने तोंडाने कारखान्याचा भोंगा वाजवला आणि अंधारात घाबरलेल्या लोकांना हसवून जागेवर बसवलं. तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

पुढच्या अठ्ठावन्न वर्षांत त्याने काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं. बोलक्या बाहुल्या नाचवल्या. रेडिओवर एकट्याने अख्खी वरात नाचवावी तसे एका नाटकातले अकरा जण उभे केले. चित्रपटांत खलनायकाच्या मागे उभा राहून माना डोलावल्या, खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीत खोकला. ज्या दुपारी त्याची बायको दवाखान्यात वारली, त्या दुपारी तो मुलांच्या चित्रपटातल्या मगरीला आवाज देत होता. त्याला तीन वर्षं झाली.

सगळ्या जगाच्या नकला करणाऱ्या या माणसाने एकच आवाज टाळला होता, तिचा. लग्नानंतर लगेच एका मेळाव्यात एकदाच काढला होता. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले होते, आणि ती नऊ दिवस बोलली नव्हती. दहाव्या दिवशी म्हणाली, "साऱ्या दुनियेचे आवाज घे. माझा एवढा माझ्याकडे राहू दे." त्याने शब्द दिला आणि पाळला.

आता शहात्तराव्या वर्षी त्याने नवं विनोदी गाणं लिहिलं. एका म्हाताऱ्याचे अवयव एकेक करून काम सोडतात. गुडघा म्हणतो, मी बसतो इथे, तू जा पुढे. दात म्हणतो, मी उतरतो इथे, तू चाव पुढे. कान म्हणतो, काय म्हणालास? बोल पुढे. प्रत्येकाचा आवाज वेगळा. चौथं कडवं बायकोचं होतं, पण तिथे त्याने शब्दच लिहिले नाहीत. नुसती पेटी वाजणार होती.

सकाळी अकराला रेकॉर्डिंग सुरू झालं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट होती, चाळिशीची, तोंडावर बोलणारी बाई. पहिला टेक झाला. तिने हेडफोन काढले.

"काका, चौथं कडवं तर फर्मास झालंय. आधी सांगायचं ना, तिथेही आवाज आहे म्हणून."

"तिथे पेटी आहे."

"ऐका तर."

तिने लावलं. गुडघा आला, दात आला, कान आला. मग पेटीवर एक बायकी आवाज गाऊ लागला, किंचित घोगरा, शब्दांच्या शेवटी जरासा खाली बसणारा. "मी म्हणाले, सगळेच बसले, तर तू एकटा कुठे निघालास पुढे?"

 भोंगा स्टुलावर टेकला.

"मी नाही गायलो हे."

"काका, खोलीत तुम्हीच होतात. डोळे मिटून उभे होतात."

"मात्रा मोजत होतो. ओठ हलले माझे?"

 रेकॉर्डिस्टने नीट बघितलंच नव्हतं.

पोटातून आवाज काढणाऱ्यांना एक परीक्षा ठाऊक असते. तोंडात पाणी भरलं की कुणालाच बोलता येत नाही. दुसऱ्या टेकला कान संपल्याबरोबर त्याने तोंडभर पाणी घेतलं आणि गाल फुगवून काचेसमोर उभा राहिला. रेकॉर्डिस्टने या वेळी नजर हलवली नाही. कडवं संपेपर्यंत त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.

तिने लावलं. घोगरा आवाज हसला आणि म्हणाला, "पाणी गिळ आधी, ठसका लागेल. मग जा पुढे."

त्याला खरोखरच ठसका लागला. रेकॉर्डिस्ट उठली आणि तिने खोलीचं दार उघडून ठेवलं. बाहेर भर दुपार होती, कुणीतरी जिन्यावर फरशी पुसत होतं.

"घरी कळवू का कुणाला?" तिने विचारलं.

त्याची मुलगी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. अर्ध्या तासात आली, हातांना अजून साबणाचा वास होता. तिने दोन्ही टेक उभ्यानेच ऐकले.

"आईच आहे," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "बाबा, आणखी एकदा गा ना."

तो गायला. त्या आवाजाने मुलीला तिचा रक्तदाब विचारला. पुन्हा गायला. या वेळी आईने विचारलं की कपाटाची कडी बसवून घेतली का. मुलगी काचेला कपाळ टेकून रडत होती आणि हसतही होती. पाचव्या टेकला आवाज इतका जवळ आला की श्वाससुद्धा ऐकू येऊ लागला.

रेकॉर्डिस्टने मुलीच्या दंडाला धरलं. "ताई, आईंचं राहू द्या. बाबांकडे लक्ष द्या."

तिने पहिला टेक आणि पाचवा टेक मागोमाग लावले. पहिल्यात गुडघा कुरकुरत होता, दात शिट्टी मारत होता. पाचव्यात गुडघा नव्हता. दाताच्या जागी नुसती हवा होती. कानाचं एवढंच ऐकू येत होतं, "काय..."

"मशीन बरोबर आहे?" मुलीने विचारलं.

"मशीन बरोबर आहे. ते आपले आवाज देताहेत आणि त्या घेताहेत."

भोंग्याने गुडघ्याचा आवाज काढून बघितला. आला नाही. मगरीचा, कारखान्याच्या भोंग्याचा, बाहुल्यांचा, एकही आला नाही. घशात हात घालून कुणी कपाट रिकामं करावं तसं वाटलं. तरी मुलीच्या तोंडाकडे बघून तो पुन्हा माईकपाशी गेला.

तेवढ्यात मुलीने दारातून हाक मारली. "बाबा, बस. या बाहेर."

"तुला ऐकायचंय ना?"

"ऐकायचंय. पण आई अशी मागून घेणारी नव्हती. आईने कधी तुमच्या ताटातलं उचललं नाही. हा आवाज तिचा आहे, माणूस कोण आहे मला माहीत नाही."

तो जागच्या जागी थांबला. बंद माईकशेजारच्या स्पीकरमधून कुणीतरी हलकेच घसा साफ केला. रेकॉर्डिस्टने भिंतीतली वायर खेचून काढली.

पाचही टेक पुसले. पुसताना मुलीने पाठ फिरवली होती. गाणं पुढच्या महिन्यात तीन कडव्यांचं निघालं, अवयवांचे आवाज दुसऱ्या नकलाकाराने दिले, आणि लोकांना ते आवडलं. भोंगा फक्त सुरुवातीच्या दोन ओळी गायला होता, साध्या आवाजात.

तोच आवाज त्याच्याकडे उरला होता. अठराव्या वर्षानंतर त्याने तो लोकांसमोर कधी वापरला नव्हता. सर्कशीतल्या जुन्या मित्राला त्याने फोन केला, गाणं ऐकलंस का, म्हणून विचारलं. 

"कोण बोलतंय?" मित्राने विचारलं.

भोंग्याने आपलं खरं नाव सांगितलं, जे सर्कशीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. आपल्याच कानांवर ते परक्या माणसाने उच्चारल्यासारखं पडलं, आणि पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.