आवणीची रांग

डॉक्टरीणबाईंनी आधी गुणाबाईचा डावा गुडघा हातात घेतला.

“यो बरा हाय,” गुणाबाई म्हणाली.

“म्हणूनच. बरा कसा असतो ते आधी कळू दे.”

उजव्याची पाळी आली तशी गुणाबाई छताकडे पाहू लागली. पाच दिवसांपूर्वी डोळखांबकडच्या पाड्यावर भाताची रोपं उपटताना तिचा पाय चिखलात रुतला आणि अंग तेवढं फिरलं. तेव्हापासून गुडघा मधेच अडकायचा. शेजारच्या सुंदरानं तिला बळेच एसटीत घालून शहापूरला आणलं होतं आणि आता ती दाराशी उभी होती.

डॉक्टरीणबाईंनी टाच धरून गुडघा पुरता दुमडला, पाऊल बाहेरच्या अंगाला वळवलं आणि पाय सावकाश सरळ करू लागल्या. दुसऱ्या हाताचं बोट सांध्याच्या फटीवर होतं. आत काहीतरी कट्‌ करून सरकलं.

“दुखलं?”

“नाय.”

डोळ्यांपुढे काजवे चमकले होते, पण तिनं तोंडातून ब्र काढला नाही. तिचा बेत साधा होता. आपण कण्हलो नाही की बाई गुडघा चांगला म्हणणार आणि सुंदरा ते पाड्यावर सांगणार.

पाड्यावर भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सावडीनं व्हायची. आज हिच्या खाचरात, उद्या तिच्या. जी दुसरीच्या चिखलात उतरेल तिच्याच चिखलात बाकीच्या उतरणार. खाचर पडीक राहील ही भीती गुणाबाईनं कुणालाही सांगितली असती. दुसरी सांगण्यासारखी नव्हती. नवरा गेलेला, मुलगा कल्याणला, होळीपुरता येणारा. वर्षभर एकटीपुरती चूल पेटवणाऱ्या या बाईला आवणीचे पंधरा दिवस दोन्ही बाजूंनी माणसांची कोपरं लागायची, आणि त्यासाठीच ती वर्ष काढायची.

“उकिडव्या बसून दाखवा.”

ती बसली. उठता मात्र येईना. सुंदरानंच काखेत हात घालून तिला उभं केलं.

“आजी, आतली गादी फाटलीय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्ही नाही म्हणालात तरी माझ्या बोटाला कळलं. या पावसाळ्यात चिखलात उतरायचं नाही.”



आठ दिवसांनी सुंदरा नऊ जणींना घेऊन गुणाबाईच्या खाचरात उतरली.

“मना तुमच्याकडं यायला जमाचा नाय गो,” गुणाबाई म्हणाली.

“तुला कोन बोलवतंय? तू बांधावर बस, काकी. आमी हाव ना.”

दुपारच्या आत खाचर लागलं. गुणाबाईला बरं वाटलं आणि रडूही आलं. रांगेत तिची जागा कुणी मोकळी ठेवली नव्हती. ठेवणार तरी कशी, रोपं सलग लागायला हवीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हाक मारायला कुणी आलं नाही. त्यांनी तिला मोकळं केलं होतं, त्यात कुणाची चूक नव्हती. ती काठी घेऊन आपणहून सुंदराच्या खाचराकडे गेली.

रांग लागलेली होती. रोपं लावत बाया मागे मागे सरतात. त्यांनी कुठल्या बांधापासून सुरुवात केली ते गुणाबाईनं पाहिलं आणि लंगडत, वळसा घालून समोरच्या बांधावर जाऊन बसली. दहा पाठी तिच्या दिशेनं सरकत होत्या. मागे वळून कुणी पाहिलं नव्हतं. अजून अर्धं खाचर बाकी होतं.