पांढऱ्या मातीची पिशवी

आर्झुलाचा पणतू ओढ्यात बाप्तिस्मा घेऊन निथळत वर आला, ते साल १९९८. आर्झुला काठावर खुर्ची टाकून बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. पुढच्याच महिन्यात तिला मेकन शहरातल्या इस्पितळात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आता तिला जे हवं ते द्या.

तिला हवी होती पांढरी माती. पहिल्या डोहाळ्यांत लागलेली सवय साठ वर्षांत सुटली नव्हती.

"दुकानातली आणू नकोस, होझी. खडू चघळल्यासारखं वाटतं," ती फोनवर धाकट्या भावाला म्हणाली. "आईच्या घरामागच्या दरडीची आण. आणि लवकर आण, माझं काही खरं नाही."

होझिया टार्पली तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होता. शुक्रवारी उजाडताच तो कुदळ घेऊन दरडीवर गेला. वरची तांबूस माती खरवडून त्याने आतली दुधासारखी काढली, भट्टीत भाजली, बारीक कुटली आणि पिठाच्या पिशवीत भरून पिकअपमध्ये शेजारच्या सीटवर ठेवली.

मेकन वीस मैलांवर असताना मागून निळे दिवे चमकले. शेरिफचा एक तरुण शिपाई खिडकीशी आला. नाव कँट्रेल, अटलांटाकडून बदलून आलेला.

"मागचा दिवा फुटलाय तुमचा. गाडीत काही भलतंसलतं नाही ना?"

"नाही, साहेब."

"मग मी जरा बघितलं तर चालेल?"

होझियाच्या टोपीच्या अस्तरात एक कार्ड होतं. चर्चमध्ये आलेल्या एका वकिलाने ते सगळ्यांना वाटलं होतं. साठीनंतर अक्षरं शिकलेल्या होझियाने ते बोट ठेवून ठेवून पाठ केलं होतं: झडतीला माझी संमती नाही. पण समोरचा माणूस नीट विचारत होता. नीट विचारणाऱ्याला तोंडावर नाही म्हणायचं, ही त्याच्या घरची रीत नव्हती. शिवाय लपवायला होतं काय?

"बघा की," तो म्हणाला.

कँट्रेलने पिशवी उघडली. "हे काय?"

"माती."

"कशाला?"

"खायला. बहिणीला लागते."

"म्हातारपणी बहिणीवर ढकलताय?"

"जिभेला लावून बघा, साहेब."

"तुम्हीच लावा. सवय तुम्हाला आहे."

त्याने चिमूटभर माती अमली पदार्थ ओळखायच्या प्लास्टिकच्या पुडीत टाकून हलवली. आतलं पाणी निळं झालं. निळं म्हणजे कोकेन. पिशवी भरली साडेचार पौंड, म्हणजे मोठा व्यापार. अशा गुन्ह्यात छोट्या न्यायाधीशाला जामीन देता येत नाही आणि मोठा न्यायाधीश त्या गावी महिन्यातून एकदा यायचा. तो आठवड्यापूर्वीच येऊन गेला होता.

सरकारने दिलेली वकीलबाई, रेनफ्रो, सोमवारी तुरुंगात भेटायला आली.

"झडतीला त्याच्याकडे सबळ कारण काय होतं?" होझियाने विचारलं. "फुटका दिवा?"

"दिवा गाडी थांबवायला पुरतो, झडतीला नाही."

"मग झडती खोटी ठरते."

"ठरली असती, होझियाकाका. तुम्ही 'बघा की' म्हणालात. एकदा हो म्हटलं की त्याला कारण लागतच नाही."

"मी रीत म्हणून म्हटलं."

"कायद्याला तुमची रीत कळत नाही. नाही म्हणाला असतात, तर कारण दाखवणं त्याच्या गळ्यात पडलं असतं आणि मला भांडायला जागा मिळाली असती."

"आणि ती निळी पुडी?"

"पुडी चुकते. कशाकशाने निळी होते. पण खरं-खोटं राज्याची प्रयोगशाळाच सांगणार आणि तिथे रांग आहे. मी रोज फोन करते."

"बाई, माझ्या बहिणीला रांगेत उभं राहता येत नाही."

रेनफ्रोने खटपट करून त्याला आर्झुलाशी फोनवर बोलायला मिळवून दिलं.

"टोपीत कार्ड होतं ना रे?" आर्झुलाचा आवाज पार खोल गेला होता.

"होतं."

"मग वाचलं का नाहीस? एवढी शाळा कशाला शिकलास?"

"त्याने नीट विचारलं, आर्झुला."

"तुला नाही म्हणायला कधी जमलंच नाही. आईने वाढलेली पाचवी भाकरही तू मुकाट खायचास." ती थोडं हसली, मग खोकली. "कधी येतोस?"

पहारेकऱ्याने वेळ संपली म्हणून फोन काढून घेतला.

एकोणिसाव्या दिवशी अहवाल आला. एकच ओळ होती आणि होझियाने ती स्वतः वाचली: कोणताही अमली पदार्थ नाही. दारावर त्याला टोपी, पट्टा आणि गाडीची किल्ली परत मिळाली. पिशवीसाठी वेगळा अर्ज लागेल, असं कारकुनाने सांगितलं.

"भरता का?" त्याने नीट विचारलं.

"नाही," होझिया म्हणाला.

आर्झुला गुरुवारी, ११ जून १९९८ रोजी, सकाळी इस्पितळात वारली. होझिया सुटला तो सहा दिवसांनी, बुधवारी.