किरणगुरूंचा जांभळा दिवा

सभागृहातले दिवे मालवले आणि माणसं श्वास रोखून बसली. व्यासपीठावर किरणगुरूंनी मावशीच्या कानाखालच्या गाठीला मलम लावलं, जांभळा दिवा धरला आणि गाठ हिरवीगार चमकली.

"बघा, लपलेला रोग उजेडात आला!" गुरू गरजले. "सर्जन सुरी चालवतो, तोंड वाकडं करतो. माझा लेझर रक्ताचा थेंब सांडत नाही!"

डोळे मिटून ते काहीबाही पुटपुटले, ओल्या कापसाने गाठ पुसली आणि पुन्हा दिवा धरला. हिरवं काही उरलंच नव्हतं. टाळ्यांनी सभागृह दणाणलं.

मागच्या रांगेत मावशीची भाची बसली होती. दिवसभर ऑपरेशन थिएटरात उभं राहून तिचे पाय भरून आले होते. तिचं संशोधनच या विषयातलं. शिरेतून दिलेलं रंगद्रव्य गाठीत साचतं, लेझरच्या उजेडात चमकतं आणि खास कॅमेऱ्यात गाठीची कड दिसते. मग सर्जनला नेमकं तेवढंच कापता येतं, चेहऱ्याची नस जपता येते. हे सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. मावशीचं एकच पालुपद, "माझं तोंड वाकडं झालं तर?" ऑपरेशनची तारीख पुढे पुढे जात होती.

भांडायचं त्राण नव्हतं, तरी भाची उठून व्यासपीठावर गेली.

"गुरुजी, दिवा देता जरा?"

"त्याला अधिकार लागतो, बाई."

"बटण दाबायला?"

कुणीतरी खुदकन हसलं. तेवढ्यात तिने टेबलावरचा दिवा उचलून गुरूंवरच धरला. त्यांची बोटं हिरवी चमकली. खुर्चीचा हात, मलमाच्या डबीचं झाकण, टोपलीतला कापूस, सगळंच. मघाशी खाजवलेला नाकाचा शेंडासुद्धा.

"नाकालाही गाठ झाली वाटतं," ती म्हणाली. मग स्वतःच्या मनगटाला मलम लावून तिने ते चमकवून दाखवलं, पुसून दाखवलं. "मलमातच चमकणारा रंग आहे. पुसला की गेला. मावशी, गाठीला हात लावून बघ."

मावशीने हात लावला. गाठ होती तिथेच होती.

"अश्रद्धेने शक्ती ओसरते!" गुरू ओरडले. काही माणसं उठून गेली, बरीचशी बसून राहिली. "दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही तुम्हाला!" एकजण भाचीच्या अंगावर आला. ती मावशीचा हात धरून बाहेर पडली.

रस्त्यात मावशीने विचारलं, "दिवा तर तूही लावतेस. मग तुझं तरी का मानू?"

"नुसतं मानू नकोस. आमचा दिवाही चुकतो, कधी चांगला भागही चमकतो. म्हणून काढलेला तुकडा तपासणीला जातो. आम्ही चुकलो असलो, तर तिथले डॉक्टर तसं स्पष्ट लिहून देतात. गुरूंचं कोण तपासतं?"

त्याच आठवड्यात मावशी हॉस्पिटलात दाखल झाली.

गाठ पूर्ण निघाली, तपासणीत तिच्या कडांना रोग सापडला नाही. पण मधल्या काळात गाठ चेहऱ्याच्या नसेच्या एका फांदीला चिकटली होती. ती फांदी वाचली नाही. मावशीचं हसू एका बाजूला उतरलं.

"आधी आले असते तर?" तिने आरशात बघत विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. भाची म्हणाली, "बहुतेक वाचली असती."

मावशीने आरसा पालथा ठेवला. मग शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे वळली. त्या बाईच्या उशाखाली कुणीतरी दिलेली ताईताची पुडी होती.

"मला सुचलं नाही ते तुम्ही विचारा," मावशी अडखळत म्हणाली. "चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणावं, तुमचं चुकलं तर आम्हाला कळणार कसं? तो चिडला, की समजून जा. आणि दुखणं डॉक्टरला वेळेत दाखवा. आपला धीर होईपर्यंत ते थांबत नाही हो."