तुरीच्या दाण्याएवढं

मेडिकलच्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून दैवशालानं आवाज खाली आणला.

"ताई, तोंडावरल्या पुटकुळ्याची ट्यूब द्या. मलाच पायजे."

काउंटरमागच्या रेणुकानं मान वर केली. समोरच्या रापलेल्या चेहऱ्यावर सुरकुत्या होत्या, पुटकुळी मात्र औषधालासुद्धा नव्हती. बाहेर पायरीवर, पालमच्या बसस्टँडकडं तोंड करून, नाकापर्यंत ओढणी गुंडाळलेली एक पोर उभी होती. रेणुकानं हसू गिळलं.

"कधीपासून हायेत, मावशी, तुमच्या पुटकुळ्या?"

"उन्हाळ्यापासून. ही लावली व्हती." दैवशालानं पिशवीतून पिळून चपटी झालेली ट्यूब काढली. "चार दिसांत तोंड लखलखीत झालं. सोडली की दुप्पट."

ती ट्यूब तिनंच आणली होती. ऊसतोडीच्या फडात टोळीतल्या सगळ्या बायका तीच लावत. लेकीसाठी बांगड्या आणाव्यात तशी हौसेनं आणली. आणि आता महिना झाला, दहावीतली शिवकन्या शाळेच्या वाटेला गेली नव्हती. वर्गातल्या पोरी हसतात म्हणे. सोमवारी टोळीची गाडी निघणार होती आणि पोरगी एकच घोकत होती, "मी बी येते उसाला. फडात कोण तोंड बघतंय?" दैवशाला स्वतः सहावीतून फडात गेली होती. तिथून शाळेच्या बाकावर परत आलेली पोर तिला एकही आठवत नव्हती.

रेणुकानं ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचली. तिचा चेहरा उतरला.

"मावशी, यात स्टेरॉईड हाय. आधी कातडी गुळगुळीत करतंय, मग नाजूक करून ठेवतंय. दुप्पट झाल्या त्या ह्यानंच. कुणी दिली ही?"

दैवशालानं ओठ उघडले, तेवढ्यात पायरी चढून आलेली ओढणी शेजारी सळसळली.

"वर्गातल्या मैत्रिणीनं दिली," शिवकन्या म्हणाली. "मायला काईच म्हाईत नव्हतं. लावायचे मीच."

दैवशालानं लेकीकडं पाहिलं. पोरगी समोरच्या कपाटाकडं बघत राहिली. हातानं मात्र आईचं कोपर घट्ट धरलं होतं.

रेणुकानं दुसऱ्या ट्यूबचा एक लहानसा डबा शिवकन्येसमोर ठेवला.

"डब्यावरची बाई बघायची न्हाई. मागचं वाच."

"बेन्झॉईल पेरॉक्साईड. अडीच टक्के."

"लाल पुटकुळ्यांना हे. रात्री तोंड धुऊन, कोरडं करून, तुरीच्या दाण्याएवढं घ्यायचं. सगळ्या तोंडाला पातळ लावायचं, पुटकुळीवर थापायचं न्हाई. जास्तीनं लवकर जात न्हाईत, आग व्हती फक्त. कातडी सुकंल, थोडी निघंल. लय झोंबलं तर एक दिवसाआड लाव. आन् जुनी उशी घे, रंग उडतो हेच्यानं."

"चार दिसांत जातील?" दैवशालानं विचारलं.

"न्हाई, मावशी. आठ हप्ते तरी. तेवढ्यानं फरक न्हाई पडला तर परभणीला कातडीच्या डॉक्टरला दाखवा."

आठ हप्ते म्हणजे दोन महिने; तेव्हा दैवशाला दूर कुठल्यातरी कारखान्याच्या फडात असणार. आज दवा घेतली की उद्या पोरगी शाळेत जाईल, असा तिचा भाबडा हिशेब होता. तो तिथंच, काउंटरवर, कोसळला. तिनं पदर सावरला.

शिवकन्येनं डबा परत एकदा उलटा करून पाहिला. मग ओढणी हळूच हनुवटीखाली ओढली. गालावरचे लाल फोड उजेडात आले.

"ताई, हे रात्रीचं झालं," ती म्हणाली. "सकाळी शाळेत जाताना काय लावायचं?"

रेणुका साध्या साबणाचं, उन्हाचं, सनस्क्रीनचं काहीबाही सांगू लागली. दैवशालाच्या कानात त्यातलं एक अक्षर शिरलं नाही; 'शाळेत जाताना' एवढंच घुमत राहिलं.

"पिशवी देऊ का, मावशी?"

दैवशालानं नुसती मान हलवली. तोंड उघडलं असतं तर रडूच फुटलं असतं.