लाल फडकं

माझं शिलाई मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीखाली नदी. सकाळी ती इतकी सुरेख दिसते, की पुलावरून कामाला निघालेली माणसंसुद्धा कठड्याशी जरा रेंगाळतात. मला मेलीला तिचं कौतुक करायला जमत नाही. आमचे बाबा रोज सकाळी ती पोहून जातात, आणि माझा जीव टांगणीला लागतो. सत्तरी उलटली, पण खोड जात नाही.

आमचं एक ठरलेलं आहे. जाताना ते डोक्याला लाल अस्तराचं फडकं गुंडाळतात आणि पलीकडे पोचले, की पायऱ्यांशेजारच्या खांबाला बांधतात. ते दिसलं की मी निवांत शिवायला लागते. दम खाऊन ते पोहत परत येतात.

आज फडकं दिसेना.

एक बाही जोडून झाली, खांब रिकामाच. दुसरी मी उलटी जोडली. पाणी रोजच्यासारखं शांत होतं आणि त्याचीच मला भीती वाटली. माणूस गिळूनही ते असंच दिसलं असतं. गळ्यातल्या टेपसकट मी पळत सुटले.

"सरका हो, सरका!"

"ताई, एवढ्या घाईनं कुणाचं माप घ्यायला निघालात?" पुलावरचा एकजण हसला. मी धावतच राहिले. पाण्यावर काहीही काळं दिसलं, की काळजात धस्स व्हायचं.

पलीकडच्या पायऱ्यांवर बाबा बसले होते. ओलेचिंब, फडकं मुठीत. मला रडू आलं आणि त्यापाठोपाठ संताप.

"फडकं का नाही बांधलंत? जीव गेला असता माझा!"

"बांधलं असतं, तर तू आली असतीस का?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले.

"मध्यावरच हातातलं बळ गेलं. कसाबसा पोचलो. आता पाय उचलत नाहीत, आणि इथून हाक मारली तर तुला ऐकू कशी जाणार?" त्यांचा आवाज बारीक झाला. "भीती वाटते गं मला."

जन्मात पहिल्यांदा मी हे त्यांच्या तोंडून ऐकलं. त्यांच्या खांद्यावर ओढणी टाकली, हात घट्ट धरला आणि त्यांना आधार देत हळूहळू पुलावरून निघाले. कठड्याशी माणसं नदी बघत उभी होती. बाबांनी एकदाही तिकडे मान वळवली नाही.